जागा न ठरलेल्यांचा गठ्ठा

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे. चौथीपर्यंत शिकले आणि त्या चौथीतलंही अर्धं वर्ष खाडीत कालवं फोडण्यात गेलं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. माझ्या मुलीच्या, शुभाच्या, जुन्या शाळेच्या पुस्तकांत शब्द शोधून शोधून लिहिते, तरी चुका राहणारच. शुभा म्हणते, "आये, तुझी अक्षरा कुर्ल्यांसारखी आडवी चलतत." ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी माफी मागून ठेवलेली बरी. लिहिलेलं कधी कोणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही.

लिहायला बसले ती सुरंगीमुळे. आज सकाळी पाणंदीतून येताना वास आला. सुरंगीचं झाड दिसायच्या आधी वास येतो, आणि वासाच्याही आधी आवाज. फाल्गुनात तिच्या फांद्यांना, पानांखालच्या जुन्या लाकडाला, कळ्या चिकटल्यासारख्या लागतात आणि त्यांवर मधमाश्या येतात. इतक्या की झाडच गुणगुणतंय असं वाटतं. वारा नसतो, पान हलत नाही, आणि आतून कोणीतरी ओठ मिटून गात असतं. लहानपणी आम्ही त्या झाडाखाली चादरी पसरायचो, कळ्या झोडायचो, त्यांचे वळेसार, म्हणजे गजरे, करून विकायचो. तेव्हा कधी भीती वाटली नाही. आता मी त्या झाडाखालून जाताना पाय उचलते.

पाच वर्षांपूर्वीचा हंगाम असा दर फाल्गुनात परत येतो. बोलावलं नाही तरी येतो.

त्याच्याही चार वर्षं आधीची एक गोष्ट सांगितली नाही तर पुढचं कळायचं नाही. शुभाचे बाबा माघातल्या एका दुपारी होडी घेऊन खाडीत गेले. कालवं काढायला. उन्हं कलली, पाणी ओसरलं, तेव्हा होडी कांदळाच्या मुळांत अडकलेली मिळाली. आत त्यांच्या चपला होत्या, एकीशेजारी एक, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा. जेवणाचा डबा उघडलेला नव्हता. होडीचा तळ कोरडा होता. माणूस नव्हता.

दहा दिवस गावाने शोधलं. माझे दीर, बाबल भावजी, म्हणाले, बुडाला. बाजारात म्हणाले, गोव्याला गेला, तिकडे कोणी बाई असेल. म्हाताऱ्या म्हणाल्या, कांदळवन देवचाराच्या हद्दीत आहे. राखणदार आपल्या हद्दीत आलेल्याला कधी कधी ठेवून घेतो. पोलिसांनी वहीत लिहिलं, बेपत्ता. प्रत्येकाने त्यांना एकेका ठिकाणी ठेवलं. मला कुठलंच ठिकाण पटेना, म्हणून मी दर ओहोटीला कांदळवनात जाऊ लागले. पहिलं वर्ष त्यांना शोधायला. मग नुसतीच. कुठल्या मुळावर पाय द्यावा, चिखल कुठे गुडघ्यापर्यंत आणि कुठे कमरेपर्यंत, हे मला घरातल्या खोल्यांसारखं पाठ झालं.

म्हणूनच अनघा माझ्याकडे आली. कोल्हापूरकडची मुलगी, पंचविशीची, कॉलेजातल्या मोठ्या परीक्षेसाठी झाडं गोळा करत मिठबावपर्यंत पोचलेली. पाठीवर पिशवी, डोक्याला रुमाल. भावजी तिला खळ्यात, आमच्या अंगणात, घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, ह्या चेडवाक कांदळात जावचा आसा. थय तुझ्याशिवाय जाता कोण?"

ते टोमणा मारत होते. तिने तो ओळखला नाही. तिने माझ्या पायांकडे बघितलं, शिंपल्यांनी कापलेल्या, आणि म्हणाली, "काकी, उद्या ओहोटी किती वाजता?"

मला लोकांशी बोलता येत नाही. दारात पाहुणा आला की मी चुलीकडे जाते. पण तिच्याबरोबर चिखलात चालताना बोलावं लागत नव्हतं. ती फांदी कापायची, मी धरायची. कांदळवनात दुपारी आवाज नसतो. पाणी गेलेलं असतं, खेकडे बिळांच्या तोंडाशी उभे असतात, आणि चिखल मधूनच बुडबुडा सोडतो, झोपेतल्या माणसासारखा. तिवराची मुळं जमिनीतून वर आलेली, बोटांएवढी, हजारो. कांदळाची मुळं खोडातून सुटून खाली वाकलेली, पाय पसरून उभं राहावं तशी.

ती तिवरापाशी थांबली नाही. मी फांदी वाकवून दिली तर म्हणाली, "ही नको काकी."

"कित्याक? ती पण हयच उभी आसा मरे."

"शेजारी उभी आहे. नात्यातली नाही."

"मगे नात्यातला कोण?"

तिने कांदळाच्या खोडावर हात ठेवला आणि हसली. "याच्या नात्यातला? तुमच्या परसातला रतांबा."

मला वाटलं, माझी थट्टा करते आहे. रतांबा म्हणजे आमचं कोकम. डोंगराच्या कुशीत गोड्या पाण्यावर वाढणारं, ताठ, खाली झुकल्या फांद्यांचं. आणि हे चिखलात पाय रोवून खारं पाणी पिणारं. पण ती थट्टा नव्हती. तिने बोटांवर मोजून सांगितलं. फुलझाडांचे मोठाले गण असतात, गणात कुळं, कुळांत जाती. ती ज्या गणासाठी फिरत होती त्याचं नाव मला आजही लिहिता येत नाही. त्यात रतांबा आणि सुरंगी, त्यात समुद्रकाठची उंडी, त्यात आवळा, एरंड, कुंपणाचा मोगली एरंड, देवळाच्या काटेरी वईवरचं कृष्णकमळ, जवस. त्यात कांदळ. आणि त्यातच गेवा, ज्याचं दूध डोळ्यात गेलं तर दृष्टी जाते, ज्याच्या खालून जाताना आम्ही मुलांना खाली बघायला लावतो.

"ह्यांचा एकमेकांशी काय जुळता?" मी विचारलं.

"वरून बघितलं तर काहीच नाही. म्हणूनच पूर्वीच्या लोकांनी त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलं होतं. आत बघायला शिकल्यावर कळलं."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना मला ते समजलं. देवकासारखं. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं, बहुतेकांचं झाडच. माझ्या माहेरचं वड, इथलं कळंब. ज्यांचं देवक एक ती माणसं एक, मग एक गोरा असो, एक काळा, एक रेडीला असो, एक मुंबईला. त्यांच्यात सोयरीक होत नाही. लग्नात त्या झाडाची डहाळी आणून पुजायची, तिच्यासमोर बसायचं. मी लग्न होऊन वडाची कळंबाची झाले. असं होता येतं, कोणीतरी हात धरून नेलं तर. पण ज्याने नेलं तोच नाहीसा झाला तर मी कुठल्या झाडाची?

हे मी अनघाला विचारलं नाही. पण त्यानंतर मला झाडांकडे पहिल्यासारखं बघता येईना. परसात गेले की रतांबा, वाटेवर एरंड, स्मशानाच्या बाजूला ओळीने उंड्या. इतकी वर्षं ती मला वेगवेगळी दिसत होती. आता ती एकमेकांना ओळखून असल्यासारखी गप्प उभी असायची, मी येईपर्यंत काही बोलत होती आणि मला बघून थांबली अशी. अनघाच्या सुरीखाली उंडीतून पांढरं यायचं, एरंडातून पाण्यासारखं, रतांब्यातून पिवळं, गेव्यातून दूध. मी ते फडक्याने टिपायची. हातांना दिवसभर चिकट वास राहायचा, धुतला तरी.

आमची मागची खोली तिने घेतली होती. तिथे दोन लाकडी जाळ्यांच्या मध्ये वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांत फांद्या, वर दगडी वरवंटा आणि पाटा. रोज कागद बदलायचे. ओले काढायचे, कोरडे घालायचे. ते काम माझ्याकडे आलं. माझी सासू पडवीत बसून बघायची आणि म्हणायची, "घरात माणसाक जागा नाय, नि ही पाल्याक हातरूण घालता. उद्या पाल्याक न्हाव घालतली."

"आजी, तुम्हालाही एक पान सुकवून देऊ का?" अनघा म्हणायची.

"माका कित्याक? मी आपसूक सुकलेली आसंय."

हसायचो आम्ही. पण त्या खोलीत एकटी असले की हसू यायचं नाही. तिथे काहीही पूर्ण मेलेलं नसायचं. सुरंगीच्या मिटलेल्या कळ्या मी स्वतः कागदात ठेवल्या, वर पाटा ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी कागद उघडला तर त्या उमललेल्या. अंधारात, वजनाखाली, चपट्या होऊन उमललेल्या. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. हातभर लांब हिरवी शेंग, खाली टोक, भाल्यासारखी, चिखलात पडून उभं राहायला तयार. अनघाने तशी एक आणून कोपऱ्यात उभी केली होती आणि विसरली. मातीत नाही, पाण्यात नाही. पंधरा दिवसांनी मी केरसुणी घेऊन गेले तर तिच्या डोक्यावर दोन पानं होती. भिंतीला टेकून उभी. पाहुण्यासारखी. मी केर न काढता परत आले.

एक दिवस कागद संपले. रद्दी आणायला देवगडला जायला हवं होतं. मी म्हटलं, थांब, आहेत. माझ्या ट्रंकेत एकाच दिवसाच्या वर्तमानपत्राचे दहा अंक होते, चार वर्षांपूर्वीचे. शुभाच्या बाबांचा फोटो छापून आला होता, खाली 'हरवले आहेत', उंची, अंगावर निळा सदरा. तेव्हा भावजींनी दहा आणले होते. कोणाला द्यायला, कुठे चिकटवायला, आणि मग ते तसेच राहिले. मी ते का दिले? माहीत नाही. कदाचित वाटलं असेल, तेवढेच उपयोगी पडतील. अनघाने न बघता घेतले. त्यात त्या दिवशी आणलेली एक डहाळी घातली.

ती डहाळी कुठली हे महत्त्वाचं आहे. होडी जिथे मिळाली होती तिथेच, त्या मुळांच्या आतल्या बाजूला, एक वेलीसारखं काहीतरी चढलेलं होतं. मी इतक्या वेळा तिथे गेलेले, पण ते मी कधी बघितलं नव्हतं. अनघा खूप खूश झाली. पण फूल नव्हतं, फळ नव्हतं, नुसती पानं. तिने पुस्तकं चाळली, फोनवर फोटो पाठवले. कोणी म्हणालं हे कुळ, कोणी म्हणालं हे नाही. दुसऱ्या ओहोटीला आम्ही फूल शोधायला परत गेलो. ती वेल नव्हती. कापलेलीही नव्हती, सुकलेलीही नव्हती. मुळांवर खूण नव्हती. अनघा म्हणाली, आपली जागा चुकली असेल. माझी जागा चुकणार नाही. त्या जागेवर मी चार वर्षं उभी राहिलेली आहे.

चार दिवसांनी मी कागद उघडला. डहाळी तपकिरी झाली होती आणि तिचा रस उतरून फोटोवर पानाचा डाग पडला होता. नेमका चेहऱ्यावर. देठ गळ्यापाशी, शिरा कपाळावर. कान तेवढे राहिले होते, आणि निळा सदरा, जो छापात काळाच होता. मी अनघाला कागद दाखवला नाही. घडी करून ट्रंकेत ठेवला. तिने ती डहाळी एका वेगळ्या गठ्ठ्यात ठेवली. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ते मी वाचलं: स्थान अनिश्चित.

"म्हणजे टाकून देतलंस?" मी विचारलं.

"टाकायचं कशाला? हे आहे ना. आपल्यासमोर आहे. याची जागा आपल्याला माहीत नाही, एवढंच." मग म्हणाली, "काही झाडं शंभर शंभर वर्षं या गठ्ठ्यात असतात, काकी. त्यांचं काही अडत नाही."

माझं अडत होतं. शुभाचं लग्न ठरलं होतं.

मुलगा नांदगावचा, स्टेशनाजवळ दुकान. माणसं चांगली. मुहूर्त वैशाखातला. आणि एके दिवशी दुपारी भावजी पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन आले. कणकवलीच्या छापखान्यातून. पडवीत सासू, मी, शुभा. अनघा मागे कागद बदलत होती.

"छापखानेवालो विचारता," भावजी म्हणाले, "बापसाच्या नावाम्होरे 'श्री.' घालू की 'कै.'?"

मागच्या खोलीत कागदांचा आवाज थांबला.

"'श्री.' घाल," शुभा म्हणाली.

"घालतंय. मगे मांडवात नवऱ्याकडची माणसा विचारतली, बापूस खंय? काय सांगू? कालवांक गेलो हा, येतलोच?"

"काका!"

"बोलतंय ता खोटा आसा काय? नि तुझी आवस खंय बसतली? सवाशिणींत? की आयेच्या वांगडा भिंतीक लागान?" आये म्हणजे माझी सासू. ती विधवा. शुभकार्यात भिंतीला लागून बसायची, कोणी न सांगता.

भावजी वाईट नाहीत. चार वर्षं त्यांनीच आम्हाला सांभाळलं. पण त्यांना गोष्टी खणात लावलेल्या लागतात. त्यांचं म्हणणं होतं, लग्नाआधी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे कार्य मोकळं होईल. पत्रिकेवर 'कै.', माझ्या कपाळावर काही नाही, आणि देवकाला भावजी आणि जाऊबाई बसतील. सगळं जागच्या जागी.

सासू म्हणाली, "माझो झिल गवताचो करा नि जाळा, पन तेका खंयतरी पोचवा रे. चार वर्सा तो वाटेर उभो आसा." आणि माझ्याकडे बघितलं. तिला माझं वाईट करायचं नव्हतं. तिला तिचा मुलगा कुठेतरी असायला हवा होता.

शुभा माझा हात धरून आत आली आणि रडत म्हणाली, "आये, तू माझ्या लग्नात खंय बसतलंस, ता तरी सांग."

मी पदराने तिचे डोळे पुसले. लाजाळू माणसाला वाटतं, आपण गप्प राहिलो तर दुसरा कोणी ठरवील. कोणी ठरवेना तेव्हा देवाकडे जायचं ठरलं.

आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना पाण्याने कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. नेहमी पिटकुळीच्या कळ्या लावतात. बारीक, लांबट, हलक्या. पण भावजी घाईत निघाले आणि दाराशी माझी टोपली होती, सुरंगीच्या कळ्यांची, अनघासाठी काढलेली. त्यांनी त्यातल्याच मूठभर घेतल्या. गुरव म्हणाला, "ह्यो सुरंगो कित्याक हाडलास?"

"देवाक फूल म्हणजे फूल मरे. लाव."

त्याने लावल्या. गाऱ्हाणं घातलं: बा म्हाराजा, ह्या घरचो थोरलो झिल आसा तर उजवी दी, नसा तर डावी दी. आम्ही सगळे म्हणालो, व्हय म्हाराजा. भर दुपार होती. मी खांबाआड उभी. अनघा बाहेर पायरीवर.

आम्ही थांबलो. कळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. समईची वात कोणी सरळ केली. भावजींनी घड्याळ बघितलं. आणि मग मला वास आला.

मी आधी बघितलं की गुरवाने, माहीत नाही. पाषाणाला चिकटलेल्या त्या दोन कळ्या उमलत होत्या. हळूहळू, दोन्ही बरोबर, पाकळ्या मागे घेत, आतले पिवळे तंतू बाहेर काढत. देवाच्या काळ्या अंगावर दोन डोळे उघडावेत तशा. आणि बाहेरून ते गुणगुणणं आलं. एक माशी, मग पाच, मग मोजता येईनात. गाभाऱ्यात शिरल्या आणि देवाच्या खांद्यावर बसल्या.

"पळा रे!" गुरव ओरडला आणि धोतराचा सोगा धरून धावला. भावजी त्याच्यामागे. एक म्हातारी पडली, तिला उचलताना दुसरी हसायला लागली, मग सगळेच हसू लागले, त्या हसण्यात भीती होती. मी हलले नाही. मला एकही माशी चावली नाही.

बाहेर अनघा मला म्हणाली, "सुरंगी अशीच उमलते काकी. ऊन लागलं की. त्यात काही नसतं."

मी तिला सांगितलं नाही की गाभाऱ्यात ऊन येत नाही. तिलाही ते दिसत असणार.

आता अनघाचं पुस्तक पुरं झालं आहे. तिने मला एक प्रत पाठवली. इंग्रजी आहे, मी चित्रं बघते. मध्ये एका पानावर झाड काढलेलं आहे, पानं नसलेलं, नुसत्या रेघांचं, टोकांना नावं. कोण कोणापासून फुटलं ते त्यावरून कळतं. पण एका ठिकाणी रेघा दोन-दोन फुटत नाहीत, एकाच जागेतून एकदम पुष्कळ फुटतात. तिने फोनवर समजावलं: फार फार पूर्वी ही सगळी थोड्याच काळात वेगळी झाली, इतक्या भराभर की आधी कोण, नंतर कोण याची खूण उरली नाही. जे कळत नाही ते असंच काढायचं असतं. खोटी फांदी काढायची नाही. मी त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसते. ती जागा बघताना मला कसंतरी होतं. जणू एका घरातली सगळी माणसं एका दुपारी उठून गेली, मागे वळून न बघता, आणि कोणाच्याच पायांचे ठसे नाहीत.

त्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर भावजी घाम पुसत म्हणाले, "आता मी छापखानेवाल्याक काय सांगू?"

बोलणारी मी होते हे मला माझा आवाज ऐकल्यावर कळलं.

"नुसता नाव घाला."

"म्हणजे?"

"'श्री.' नको, 'कै.' नको. नाव आसा ता घाला."

"वैनी, तसा कोण छापता? नि देवकाक?"

"देवकाक मी बसतंय."

"एकटी?" भावजींनी सगळ्यांकडे बघितलं. कोणीतरी माझ्या वतीने खजील व्हावं, तसं. "रीत आसा काय तशी?"

"तुमका ठावक नाय, माका ठावक नाय, देवाक पन ठावक नाय. मगे मी खोटा कित्याक करू?"

आयुष्यात मी चार माणसांत एवढं बोलले नव्हते, आणि नंतरही बोललेले नाही. भावजी सासूकडे वळले. तिने 'नको' म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. ती पायरीवर बसली होती, पदर तोंडावर. ती काहीच बोलली नाही. पुतळा केला गेला नाही. पत्रिका आली त्यात शुभाच्या नावाखाली लिहिलेलं होतं, दत्ताराम यांची कन्या. त्या नावापुढे थोडी जागा मोकळी दिसत होती. ती छापखानेवाल्याने मुद्दाम ठेवली की तशीच राहिली, कोण जाणे. लोक पत्रिका वाचताना तिथे थांबायचे.

लग्नाच्या सकाळी मांडवात कळंबाच्या डहाळ्या आल्या. भटजींनी पाट मांडले, दोन. मी एकावर बसले. अंगावर हिरवी साडी, कपाळाला रोजच्यासारखं कुंकू. दुसरा पाट रिकामा. भटजी पंचा सारखा करत म्हणाले, "बाई, पुरुष एकटा बसला तर कमरेला सुपारी खोवतो, पत्नी म्हणून. पण बाईने..." आणि थांबले. नवऱ्याकडच्या बायका माना वळवून बघत होत्या. एक कुजबुजली, "विहीणबाय सवाशीण काय..." आणि तिलाही पुढचं पुरं करता आलं नाही. शुभा दारात उभी होती, हळद लागलेली.

तेव्हा माझी सासू भिंतीपासून उठली. शुभकार्यात ती कधी मांडवाच्या मध्ये येत नसे. हळूहळू चालत आली, कनवटीची चंची सोडली, त्यातली एक सुपारी काढली, तिच्या रोजच्या खाण्यातली, आणि माझ्या हातात दिली.

"ह्यी घे. धर तेका," म्हणाली. "सोडू नको."

मी सुपारी पदराच्या टोकात घातली, गाठ मारली आणि टोक रिकाम्या पाटावर ठेवलं. भटजींनी एकदा आकाशाकडे बघितलं आणि मंत्र सुरू केले. मी डहाळीला हळद लावली, पाणी घातलं, सांगतील तसं केलं. मध्ये कधीतरी पदराचं टोक जड वाटू लागलं. वाटलं, कोणी पाय ठेवला. बघितलं तर कोणी नव्हतं. पाट कोरडा, स्वच्छ, वर रांगोळी विस्कटलेली नाही.

उठल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेले, मडक्यांमागे, जिथे कोणी नसतं. गाठ सोडली. पदराचं टोक ओलं होतं. सुपारी ओली होती, आणि तिच्या खाचेत राखाडी चिखलाचा एक कण. मांडवात पाणी मी डाव्या हाताला, डहाळीवर घातलं होतं. पदर उजवीकडे होता. मी सुपारी जिभेला लावली. खारट.

बाहेर वाजप सुरू झालं होतं. शुभा मला शोधत होती, तिचा आवाज खळ्यातून पडवीत, पडवीतून माजघरात आला.

"आये! गो आये, खंय आसस?"

"हय आसंय," मी म्हटलं. "येतंय."

आणि ओली सुपारी पुन्हा पदरात बांधून, गाठ घट्ट करून, मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.